जुनं रेड कार्ड मंदावलंय? आधी त्याची बॅटरी तपासा

एप्रिलचा महिना, देवगडातलं एका आंबा व्यापाऱ्याचं ऑफिस. टॅलीत एकेक बिल सेव्ह व्हायला दहा-बारा सेकंद लागत होते. पेट्या भरून टेम्पो दारात उभा आणि बिल काही निघेना. मशीन जुनं, आत एलएसआय कंपनीचं मेगारेड ९२६०-८आय हे रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड, आणि त्यावर रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकतो अशा जोडणीत) चार हार्ड डिस्क. जो तो म्हणत होता, कार्ड बदला. कार्ड ठणठणीत होतं, मेली होती ती त्याची बॅटरी.

या कार्डावर ५१२ एमबीची स्वतःची मेमरी असते. 'राइट बॅक' चालू असेल तर लिहायचा डेटा आधी तिथे उतरतो, कार्ड लगेच 'झालं' म्हणतं आणि डिस्कवर सवडीने लिहितं. मधेच वीज गेली तर ती मेमरी बॅटरी जागी ठेवते. बॅटरी संपली की कार्ड आपणहून 'राइट थ्रू'वर जातं, म्हणजे प्रत्येक नोंद डिस्कवर पोचेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. त्यात रेड ५ मध्ये एका छोट्या नोंदीसाठी दोनदा वाचावं आणि दोनदा लिहावं लागतं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्यालाच ८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. बिलं अडकतात ती इथे.

आधी बॅकअप घ्या, तोही वेगळ्या डिस्कवर. मग मशीन बंद करून प्लग काढा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि कार्ड उपसा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने त्या हलक्या हाताने पुसा. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. हीटसिंकमधली धूळ ब्रशने काढा. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी केलेली आहेत, म्हणून साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्यासमोर एक पंखा लावाच.

बॅटरी फुगली असेल तर ती पुन्हा बसवायची नाही. नवी घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचा, कारण जुन्या मॉडेलच्या 'नव्या' बॅटऱ्याही कित्येक वर्षं दुकानात पडून असतात.

मशीन चालू होताना कंट्रोल-एच दाबलं की वेबबायोस, म्हणजे कार्डाच्या सेटिंगचा पडदा, उघडतं. नव्या मदरबोर्डवर तो संदेश दिसत नसेल तर मदरबोर्डच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीची कार्डं चालवण्याची सोय, चालू करून बघा. बॅटरी पुरती चार्ज व्हायला काही तास जातात, तोवर वेग वाढणार नाही. मग व्हर्च्युअल ड्राइव्हच्या (चारही डिस्क मिळून दिसणाऱ्या एका डिस्कच्या) पॉलिसीत जाऊन राइट पॉलिसी 'राइट बॅक विथ बीबीयू' करा; बीबीयू म्हणजे कार्डाची बॅटरी. तिथेच 'ऑलवेज राइट बॅक' हाही पर्याय दिसेल. बॅटरी नसतानाही त्याने वेग मिळतो, म्हणून मोह होतो. कोकणात तरी तो निवडू नका. जूनच्या पहिल्या वाऱ्यात एखादी फांदी तारेवर पडली की मेमरीतल्या नोंदी गेल्या आणि कधीकधी अख्खा डेटाबेसही. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मशीनचा पॉवर सप्लायही जळू शकतो.

डिस्कची स्वतःची कॅश (तात्पुरती मेमरी) बंद ठेवा, कार्डाची बॅटरी तिला वाचवत नाही. आय-ओ पॉलिसी, म्हणजे वाचलेला डेटा कार्डाच्या मेमरीत साठवायचा की नाही, ती 'डायरेक्ट' (न साठवता) ठेवा. मोठे व्हिडिओ, फोटो असतील तर रीड अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) चालू, नुसती टॅली असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही.

अ‍ॅरे (डिस्कची जोडणी) नव्याने बांधणारच असाल तर हिशेबाच्या कामाला मी रेड १० (प्रत्येक डिस्कची जुळी प्रत ठेवणारी जोडणी) सुचवेन. २ टीबीच्या चार डिस्कमधून ६ ऐवजी ४ टीबी जागा मिळेल, पण छोट्या नोंदी बऱ्याच हलक्या होतील.

अधूनमधून बॅटरी स्वतःची चाचणी घेते, म्हणजे पूर्ण उतरून पुन्हा चार्ज होते. तेवढा वेळ मशीन पुन्हा मंदावेल. घाबरू नका, पण ही चाचणी हंगामात दिवसा येणार नाही असं बघा.

आणि बॅटरीच्या जिवावर किती दिवस काढणार? ती मेमरी धरून ठेवते ती फार तर दोन-तीन दिवस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा कित्येक गावांत त्याहून खूप जास्त दिवस वीज नव्हती. वादळाची सूचना आली की विंडोजमधून रीतसर शट डाउन करा, म्हणजे कार्ड मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवेल. प्लग त्यानंतरच काढा.