बोर्ड जोडण्याआधी: एम्बेडेड लिनक्सच्या एसडीकेची तयारी

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो की वाळूज-शेंद्र्याकडच्या कंपनीतली नवी नोकरी, एम्बेडेड लिनक्सचं (छोट्या उपकरणांतल्या बोर्डांवर चालणाऱ्या लिनक्सचं) एसडीके, म्हणजे त्या बोर्डासाठी प्रोग्राम बनवायचा साधनसंच, बसवायची वेळ आली की सगळ्यांचं लक्ष इन्स्टॉलरवर असतं. प्रत्यक्षात इन्स्टॉलर चालवणं हे थोड्या मिनिटांचं काम. ते सुरळीत होणार की आठवडा खाणार, हे आधीच्या तयारीवर ठरतं. नांदेड, परभणी, बीड, लातूरकडं एक लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि अधूनमधून जाणारी लाइट एवढ्यावर शिकणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. उदाहरणाला बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक-बोर्ड आणि योक्टोचं (बोर्डासाठी हवं तसं लिनक्स बनवायची साधनं देणाऱ्या प्रकल्पाचं) एसडीके घेतलंय. बोर्ड दुसरा असला तरी क्रम हाच राहील.

पहिलं काम लॅपटॉपवरचं नाहीच. बोर्डावर कोणती इमेज (कार्डावर लिहायची तयार लिनक्स सिस्टिम) चालणार आहे ते आधी ठरवा आणि वहीत लिहा. एसडीकेमध्ये तीन मुख्य गोष्टी असतात: लॅपटॉपवर चालून एआरएमसाठी (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जातीसाठी) कोड तयार करणारा क्रॉस कंपायलर, बोर्डावरच्या लायब्ररी आणि हेडर फाइल्सची प्रत असलेला सिसरूट, आणि हे सगळं टर्मिनलला ओळखून देणारी एन्व्हायर्नमेंट स्क्रिप्ट. यातला सिसरूट इमेजवरूनच बनतो. म्हणून एसडीके आणि इमेज एकाच बिल्डमधली हवी. एसडीके नवं आणि बोर्डावरची इमेज जुनी असेल तर प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो, पण बोर्डावर चालवला की जीलिबसीची (सी प्रोग्रामना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडत नाही म्हणून अडतो. मग माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो, आणि ती तिथं नसतेच. योक्टो ४.० म्हणजे कर्कस्टोन, एप्रिल २०२२ ची आवृत्ती, ५.० म्हणजे स्कार्थगॅप, एप्रिल २०२४ ची. दोन्ही दीर्घ मुदतीच्या आधारासह निघाल्या. काम नव्यानं सुरू करत असाल तर ५.० घ्या. चालू प्रोजेक्टमध्ये शिरत असाल तर तिथं जी आवृत्ती असेल तीच घ्या, नव्याचा मोह नको.

बीगलबोन ब्लॅकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट इथंच बघून घ्या. बोर्डावरच्या ईएमएमसीमध्ये (बोर्डावरच बसवलेल्या मेमरीत) कारखान्यातून डेबियन हे लिनक्स भरून येतं. तुम्ही योक्टोचं एसडी कार्ड घातलं तरी बोर्ड सहसा आधी ईएमएमसीकडंच बघतो. कार्डावरून सुरू करायचं तर कार्डाच्या खाचेजवळचं एस-२ बटण दाबून धरूनच वीज द्यावी लागते. बोर्ड सुरू झाल्यावर ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाइल उघडून नाव वाचा. तिथं डेबियन दिसलं तर पुढं जाऊ नका.

आता प्रश्न येतो की एसडीके स्वतः बिल्ड करायचं की तयार घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: शिकायला सुरुवात करत असाल तर तयार घ्या. योक्टोच्या पूर्ण बिल्डला शंभर जीबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोकळी जागा, भरपूर रॅम आणि तासन् तास अखंड नेट लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली तापलेला लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपणच कमी करतो, त्यामुळं बिल्ड आणखी लांबतो. बोर्डाच्या कंपनीनं दिलेलं किंवा सिनिअरनं बनवलेलं एसडीके मिळत असेल तर ते पेन ड्राइव्हवर आणा. बिल्ड करावंच लागलं तर इमेजच्या नावासोबत पॉप्युलेट-एसडीके हे काम बिटबेकला (योक्टोच्या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामला) सांगायचं. इन्स्टॉलर बिल्डच्या टेम्प फोल्डरमध्ये, डिप्लॉयखालच्या एसडीके फोल्डरात तयार होतो. बिटबेक रूट (प्रशासक) म्हणून चालत नाही, साध्या युजरनंच चालवा. उबुंटू २४.०४ वर ॲपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेच्या निर्बंधामुळं बिटबेक युजर नेमस्पेसची तक्रार करून थांबू शकतं.

लॅपटॉपवर ६४ बिट उबुंटू २२.०४ असेल तर उत्तम. विंडोजच्या शेजारी बसवणार असाल तर पार्टिशनला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढून ठेवा. डब्ल्यूएसएल-२ वरही (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर) कंपाइल होतं, पण काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर नको. शिवाय तिथं यूएसबी सिरीयल केबल (बोर्डाचं टर्मिनल लॅपटॉपवर दाखवणारी) पोचवायला वेगळं साधन लागतं. मी ड्युअल बूटच सुचवेन. नेट चांगलं असेल त्या वेळी बिल्ड-इसेन्शियल, गिट, पायथन ३, एक्सझेड, फाइल आणि पिकोकॉम (सिरीयल केबलवरून बोर्डाशी बोलायला) ही पॅकेजेस आधीच उतरवून घ्या. इन्स्टॉलरला शेवटी आतले पत्ते बदलायला पायथन लागतोच.

इन्स्टॉलर उतरवताना ब्राउझरवर विसंबू नका. डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या कमांडला सी हा पर्याय दिला की लाइट गेली, हॉटस्पॉट तुटला तरी डाउनलोड होतं तिथून पुढं सुरू करता येतं. पूर्ण झाल्यावर शा-२५६ ची बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) सोबत दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. मग फाइलचं लांबलचक नाव सावकाश वाचा, कारण सगळी माहिती त्यातच असते. सुरुवातीला पोकी (योक्टोचं नमुना लिनक्स) आणि जीलिबसी, मग एक्स-८६-६४ म्हणजे तुमचा लॅपटॉप, मग इमेजचं नाव, मग कॉर्टेक्स-ए-८-एचएफ-निऑन म्हणजे बोर्डाचा प्रोसेसर, पुढं मशीनचं नाव आणि शेवटी आवृत्ती. वहीतल्या नोंदीशी यातला एकही तुकडा जुळत नसेल तर फाइल चालवू नका.

बसवायची जागा आधीच ठरवा. ऑप्टखालचं पोकी फोल्डर ही ठरलेली जागा. तिथं सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी कमांड) लागतं. होममध्ये बसवलं तरी चालतं. मात्र नावात स्पेस नको, आणि एकदा बसवल्यावर फोल्डर हलवायचं नाही, कारण पत्ते आत कोरले जातात. हलवायचंच तर नव्यानं बसवा. एलडी लायब्ररी पाथ हे व्हेरिएबल रिकामं आहे ना ते पाहा. भरलेलं असेल तर एन्व्हायर्नमेंट स्क्रिप्ट पुढं जाऊ देत नाही. ही स्क्रिप्ट प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये सोर्स करायची, म्हणजे त्याच टर्मिनलला लागू करायची असते. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) टाकून कायमची करू नका, नाहीतर लॅपटॉपसाठीचे प्रोग्रामही एआरएमच्या कंपायलरकडं जातील. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) जीसीसी हे कंपायलरचं नाव थेट लिहिलेलं असेल तर ते काढून सीसी हे व्हेरिएबल वापरा. सिसरूटचा पत्ता आणि प्रोसेसरचे पर्याय त्यातूनच येतात.

सिरीयल केबल ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टच्या सिग्नलनं बोर्ड खराब होऊ शकतो. जे-१ या सहा पिनांच्या जोडणीत पहिली पिन ग्राउंड, चौथीवर बोर्ड ऐकतो, पाचवीवर बोलतो. म्हणून केबलचा टीएक्स चौथीला, आरएक्स पाचवीला. केबलची विजेची तार मोकळीच ठेवा. स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल केबल वापरायची परवानगी असलेल्या) घाला आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू २२.०४ वर सीएच-३४० चिपची केबल लावताच दिसून लगेच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज ती ताब्यात घेतंय असं समजा. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते काढून टाका. पिकोकॉममध्ये वेग ११५२०० ठेवा.

कार्डावर डीडी या कमांडनं इमेज लिहिण्याआधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) चालवून कार्डाचं नाव आणि आकार बघा. चुकीचं नाव म्हणजे अख्खी हार्ड डिस्क पुसली. लिहिताना लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी. बोर्डाचा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला लावा, कारण लाइट जाऊन बोर्ड मध्येच बंद पडला तर कार्डावरच्या फाइल्स बिघडू शकतात. एक जादा कार्ड जवळ असू द्या.

शेवटी चार ओळींचा सी प्रोग्राम कंपाइल करून त्यावर फाइल ही कमांड चालवा. ३२ बिट ईएलएफ आणि एआरएम असं उत्तर आलं पाहिजे. तोच प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला तर एक्झेक फॉरमॅट एरर येईल, आणि यायलाच हवा. मग तो बोर्डावर पाठवून चालवा. अक्षरं उमटली की इन्स्टॉलरचं पूर्ण नाव, शाचा आकडा, बसवलेली जागा आणि इमेजची आवृत्ती त्याच वहीत लिहा, आणि इन्स्टॉलरची फाइल न पुसता हॉस्टेलमधल्या दुसऱ्या कुणाकडं एक प्रत ठेवा.