जुन्या रॉक बँडचा साउंड बदलताना

सांगली-मिरजेत वर्षानुवर्षं रॉक वाजवणाऱ्या बँडला गणेशोत्सवाच्या आणि यात्रेच्या सुपाऱ्या हव्या असतील, तर साउंड बदलावा लागेल; पण काय बदलायचं नाही ते आधी ठरवा. झीझी टॉप या अमेरिकन रॉक बँडने १९८३ च्या 'एलिमिनेटर' अल्बममध्ये सिंथ (सिंथेसायझर) आणि ड्रम मशीन घेतलं, पण गायक-गिटारवादक बिली गिबन्सचा खरखरीत आवाज आणि त्याची गिटार जागेवर ठेवली. अमेरिकेतच त्या अल्बमच्या एक कोटी तरी प्रती खपल्या. तुमच्या बँडची अशी खूण असेल तिला हात लावू नका.

खरं काम तालात, म्हणजे रॉकमध्ये हलगी-ढोलकी मिसळण्यात आहे. हलगी ड्रमसेटवर नुसती चढवली की ती आणि स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) एकमेकांना खातात. हलगी वाजते तिथे ड्रमरने स्नेअर सोडून किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि फ्लोअर टॉम (जमिनीवरचा खर्जाचा ड्रम) धरावा. ६/८ ची लय असेल तर किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, बाकी जागा हलगीची. पावसाळी हवेत कातडं सैल पडून आवाज बद्द येतो, म्हणून स्टेजवर चढण्याआधी हलगी शेकून घ्या. मध्येच शेकायची सोय नसेल तर फायबरच्या पानाची एक जास्तीची ठेवा. ढोलकी नट-बोल्टचीच घ्या. तिची शाईची बाजू गाण्याच्या सुरात लावावी लागते, त्यामुळे एकाच पट्टीतली गाणी सलग लावा. नाहीतर दर गाण्याला पाना हातात.

गिटारचं गेन (आवाज फाटका, खरखरीत करणारी सेटिंग) सवयीपेक्षा बरंच कमी करा आणि १०० हर्ट्‌झखालचं कापा; तिथे किक आणि बेसला जागा हवी. सुरुवातीचं वाजवणं ८ बारमध्ये (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) संपवा, सोलोही ८ बारचाच. मुखडा पहिल्या मिनिटात आलाच पाहिजे. पट्टी दोन-तीन अर्धस्वर उतरवा, कारण उंच पट्टीत लोक ऐकतात, पण सोबत गात नाहीत.

लॅपटॉपवरून आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक सोडणार असाल तर डाव्या चॅनेलवर क्लिक (लय धरायची टिकटिक), उजव्यावर ट्रॅक. क्लिक फक्त ड्रमरच्या कानात जाईल. केबल उलटी लागली तर ती टिकटिक मैदानभर ऐकू येते, म्हणून दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. मूळ ट्रॅक स्टिरिओ असेल तर मोनो (दोन्ही चॅनेल एकात) करून घरीच ऐका. त्यात सिंथ बऱ्याचदा पातळ पडतो.

पहिल्या कार्यक्रमात १२ पैकी ४ गाणीच नव्या रूपात घ्या. परवानगीचे मोजके दिवस सोडले तर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतो. सगळ्यात दमदार गाणं शेवटाला राखून ठेवू नका, ९:३० लाच वाजवा.