वाकळ शिवताना हात अडतो? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वाकळ, म्हणजे गोधडी, नवी नाही. शेजारच्या कानडी घरात तिला कौदी म्हणतात आणि दोन्ही घरांत ती जुन्या लुगड्यांतून, सदऱ्यांतून, धोतरांतूनच उभी राहते. आता गरज संपून छंद म्हणून शिवणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यांच्याकडून एक वाक्य सारखे ऐकू येते : ‘मला काही सुचत नाही, रंगांतले कळत नाही.’ माझे मत वेगळे आहे. कल्पनाशक्ती अपुरी पडल्याने हात अडतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तंत्रातली एखादी साधी चूक होते, काम बिघडते आणि दोष आपण स्वतःच्या कल्पकतेला देतो.

पहिली चूक म्हणजे थेट पलंगभर वाकळ काढणे आणि तीही मोबाईलवरचा नमुना समोर ठेवून. त्या नमुन्यांतील टोकाला टोक जुळणारे त्रिकोण एकाच जाडीच्या, नव्या, सुती कापडाचे असतात. आपल्या गाठोड्यात विरलेले इरकल, जाड शर्टाचे तुकडे आणि घसरणारे पॉलिस्टर एकत्र असते. ते तसे जुळणार नाही. आधी १८ इंची बस्कर, म्हणजे बसायचे छोटे आसन, शिवावे. ते थोड्या दिवसांत पूर्ण होते, आणि पूर्ण झालेली वस्तू हातात असली की पुढच्या वस्तूचा विचार आपोआप मोकळेपणाने होतो.

रंगांबाबत सर्वांत जास्त घोळ होतो. आपण रंग पाहतो, पण फिका-गडदपणा पाहत नाही. डाळिंबी आणि गडद हिरवे इरकल शेजारी ठेवले तर डोळ्यांना ते अगदी विरुद्ध वाटतात. मात्र तुकडे जमिनीवर मांडून मोबाईलने काळा-पांढरा फोटो काढला की दोन्ही एकाच करड्या छटेचे दिसतात, आणि वाकळ दुरून मळकट का वाटते याचे उत्तर मिळते. अशा वेळी नवे कापड विकत आणण्याची गरज नसते. इरकलाच्या टोपपदरातील लालावरच्या पांढऱ्या नक्षीचा एखादा तुकडा किंवा जुन्या धोतराची पट्टी मध्ये घातली की मांडणी उठून दिसते. शिवण्यापूर्वी प्रत्येक गडद तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा, तरीही उतरत असेल तर बाजूला ठेवावा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो या समजावर विसंबू नये.

वाकळ गोळा होणे, चुण्या पडणे ही तक्रारही नेहमीची आहे. तिची कारणे ठरलेली आहेत : थर एकमेकांवर सरकले, दोरा ओढून घट्ट घेतला, किंवा नवे अस्तर न धुता वापरले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते, त्यामुळे जुन्या, आधीच आटलेल्या तुकड्यांखाली ते घातले तर पहिल्याच धुण्यानंतर चुण्या दिसतात. थर पसरून मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चा टाका घालावा. सुईतला दोरा सुमारे १८ इंचच घ्यावा. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि तो झिजतो. गुळेदगुड्ड गावच्या खणाचे धागे सुटतात, म्हणून त्याला शिवणीबाहेर पाव इंचाऐवजी अर्धा इंच दाब (जादा कापड) सोडावा.

यानंतरची चूक मला सर्वांत घातक वाटते, ती म्हणजे धावदोरा थोडा तिरका गेला की उसवत बसणे. सैल टाका, ज्यात बोट किंवा जोडवे अडकेल, तो जरूर उसवावा. तिरका टाका तसाच राहू द्यावा. या बाबतीत आपल्या शेजारीच मोठी शाळा आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती कोणतेही रेखाटन न करता : अस्तराच्या कडेपासून सुरुवात होते, तुकड्याची कड दुमडून तो बसवला जातो, धावदोऱ्याच्या ओळी फिरत फिरत आत येतात आणि काम मध्यभागी संपते. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे ‘फुला’ बसवतात. पुढचा तुकडा कोणता, हे मागचा बसल्यावर ठरते. ज्यांना आधी सगळे ठरवल्याशिवाय सुई धरवत नाही, त्यांनी एक बस्कर या पद्धतीने जरूर शिवावे. मध्यभाग फुगू लागला तर प्रत्येक फेरीनंतर कापड तळहाताने आत सारून सपाट करावे, दोरा ओढू नये. ही पद्धत सिद्दी समाजाची आहे, तेव्हा आपले काम इतरांना दाखवताना ते आवर्जून सांगावे.

अर्धवट काम घरात फिरवून ‘कसे वाटते?’ असे विचारणेही टाळावे. कच्चे टाके आणि लोंबते दोरे पाहून कोणालाच अंदाज येत नाही, आणि सासूबाई, जाऊबाई, मुलगी यांच्या तीन मतांनी मांडणी तीनदा बदलते. विचारायचेच असेल तर तुकडे जमिनीवर मांडलेले असताना, शिवण्याआधी विचारावे.

खानापूरकडच्या पावसाळ्यात जाड वाकळ लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरते. म्हणून धुण्याचे, रंग तपासण्याचे काम उन्हाळ्यात उरकून तुकडे कोरडे करून ठेवावेत. पावसात फक्त सुईचे काम करावे.