शेंबडावरून अळ्यांचा अंदाज करू नका: ऑक्टोबरच्या उन्हात मेंढरांचं नाक सांभाळा

पाऊस उघडून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की भर दुपारी मेंढरं चरायचं सोडून एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसून उभी राहतात. उन्हात ती तशी राहतातच. पण मध्येच पाय आपटणं, नाक जमिनीला घासणं, दचकून पळणं दिसलं, तर ते नुसतं ऊन नव्हे. नाकात अळ्या सोडणारी माशी, ओएस्ट्रस ओव्हिस, कळपावर आली आहे.

ही माशी चावत नाही आणि अंडीही घालत नाही. उडता उडता नाकपुडीत जिवंत अळ्या सोडून जाते. तेव्हा अळी जेमतेम एक मिलिमीटरची असते. नाकाच्या आतल्या अस्तराला आकड्यांनी धरून ती वर सरकते, कपाळाच्या हाडातल्या पोकळीत वाढते आणि अडीच-तीन सेंटीमीटरची झाली की शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोष करते. बकरं कापल्यावर शिंगाच्या बुडाचं हाड फोडून बघा. पाठीवर काळपट आडवे पट्टे असलेल्या जाड अळ्या दिसल्या, तर बाकीच्या कळपाचंही उत्तर तिथंच मिळालं.

आता शेंबडाचं. तो बराचसा अळीमुळे थेट येत नाही, मेंढीचं शरीर अळीशी झगडतं म्हणून येतो. अळी पोट भरण्यासाठी जे पाचक रस सोडते ते शरीर परके म्हणून ओळखतं. इओसिनोफिल आणि मास्ट पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी, नाकाच्या अस्तरात गोळा होतात, अस्तर सुजतं, स्राव वाढतो. दोन ते चार आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडं चढतात. पुढच्या हंगामात पुन्हा अळ्या शिरल्या की हीच प्रतिक्रिया लवकर आणि जोरात येते. माणसाला धुळीची ॲलर्जी व्हावी तसंच हे.

या झगड्याचा फायदा होतो. काही अळ्या मरतात, काहींची वाढ खुंटते. पण सगळ्या जात नाहीत, आणि प्रतिपिंडं काही महिन्यांत उतरतात. म्हणून ‘एकदा झालंय, आता होणार नाही’ हा हिशेब इथं चालत नाही. बाजारात याची लसही नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की दोनच अळ्या असलेली जुनी मेंढी शिंकून शिंकून बेजार दिसेल आणि भरपूर अळ्या असलेलं कोकरू कोरड्या नाकानं फिरेल. शेंबडी तेवढी वेगळी काढून औषध देणं म्हणजे अर्धं काम. सगळ्या कळपाला एकाच वेळी द्या. दिवाळीच्या सुमारास वाडा कोकणात किंवा दुसरीकडे हलवणार असाल तर निघण्यापूर्वी द्या, म्हणजे अळ्या सोबत जाणार नाहीत.

आयव्हरमेक्टिन हे औषध लहान, मधल्या आणि मोठ्या अशा तिन्ही अवस्थांतल्या अळ्यांवर चालतं. कातडीखाली किलोला 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं इंजेक्शन असेल तर 30 किलोच्या मेंढीला 0.6 मिली. क्लोसँटेलही चालतं, पण त्याचा डोस चढला तर मेंढी आंधळी होते, म्हणून अंदाजपंचे नको, वजन करा. जंतासाठी आणलेलं अल्बेंडाझोल इथं उपयोगाचं नाही. कोणतंही औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्या, आणि मांस-दुधासाठी किती दिवस थांबायचं ते बाटलीवर वाचा. नाकात रॉकेल, तंबाखूचं पाणी ओतायची जुनी खोड मात्र सोडा. ते फुफ्फुसात जाऊन मेंढी दगावते.

मेंढी गोल गोल फिरत असेल, डोकं एका बाजूला कलवत असेल, तर नुसत्या नाकातल्या अळ्यांवर खापर फोडू नका. मेंदूतल्या पाण्याच्या गाठीनंही असंच होतं, आणि ती कुत्र्यांच्या पट्टकृमीमुळे होते. वाड्यावरच्या कुत्र्यांना जंताचं औषध देता का, हे आधी आठवा.

आणि स्वतःचे डोळे जपा. हीच माशी कधी कधी मेंढपाळाच्या डोळ्यात अळ्या सोडते. डोळ्यात अचानक काही आपटल्यासारखं होऊन खुपायला, पाणी यायला लागलं तर चोळू नका, दवाखान्यात जा आणि मेंढरं राखतो हे डॉक्टरांना न विसरता सांगा.