ट्विचचे फॉलोअर एजंटकडून मागवताय? या चुका टाळा

ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटला जोडलेल्या एआय एजंटला (स्वतः माहिती मागवून उत्तर देणाऱ्या एआयला) विचारलं, "माझ्या चॅनेलला नव्याने कोण कोण फॉलो करायला लागलंय?" उत्तर आलं, "सध्या एकही फॉलोअर नाही." तिकडे डॅशबोर्डवर आकडा चार अंकी. ट्विचला एजंट जोडताना पहिली ठेच बहुधा इथेच लागते, आणि लोक तासन्‌तास प्रॉम्प्ट, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचना, सुधारत बसतात. प्रॉम्प्टचा इथे काही दोष नसतो.

यादी रिकामी, पण एरर नाही

फॉलोअरांची यादी देणारी ट्विचची एपीआय (प्रोग्रामने माहिती मागायची सोय) दोन अटी पाहते. टोकन (एपीआयला दाखवायचा डिजिटल पास) वापरकर्त्याचं हवं आणि त्यात 'मॉडरेटर रीड फॉलोअर्स' ही परवानगी हवी, ही पहिली. तो वापरकर्ता त्या चॅनेलचा मालक किंवा मॉडरेटर (चॅट सांभाळणारा) हवा, ही दुसरी. यातली एखादी अट पुरी झाली नाही, तर एपीआय तुम्हाला हाकलून देत नाही. 'सगळं ठीक' सांगणारा 200 कोड येतो, 'टोटल'मध्ये खरा आकडा येतो आणि नावांच्या जागी रिकामी यादी येते. सगळं सुरळीत चाललंय असंच वाटतं.

माणूस हे पाहून थबकतो. एजंटमागचं एआय मॉडेल थबकेलच असं नाही. रिकामी यादी दिसली की ते "फॉलोअर नाहीत" म्हणून मोकळं होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन-चार नावं ठोकून देतं. म्हणून टूलच्या, म्हणजे एजंटसाठी एपीआयला विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडमध्येच तपासणी घाला: टोटल शून्यापेक्षा जास्त आणि यादी रिकामी असेल, तर एजंटच्या हातात रिकामी यादी देऊच नका. "फॉलोअर आहेत, पण या टोकनला त्यांची नावं पाहायची परवानगी नाही" असं सरळ वाक्य परत पाठवा. प्रॉम्प्टमध्ये दहा सूचना लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला ट्विचचा 'व्हॅलिडेट' हा टोकन तपासणारा वेब पत्ता आहे. टोकन कोणाचं, त्यात कुठल्या परवानग्या, मुदत किती उरली, हे सगळं तो सांगतो. उत्तरात वापरकर्त्याचं नावच नसेल तर ते अ‍ॅपचं टोकन आहे आणि त्याच्याकडून आकड्यापलीकडे काही मिळायचं नाही. आणखी एक गोम: परवानगी कोडमध्ये आज जोडली म्हणून कालच्या टोकनाला ती आपोआप मिळत नाही. पुन्हा लॉगिन करून नवं टोकन घ्यावं लागतं.

"अमुक माणूस मला फॉलो करतो का?" या प्रश्नाला मात्र वरची युक्ती लागू पडत नाही. एका वापरकर्त्याचा आयडी देऊन विचारलं की तो फॉलो करत नसतानाही यादी रिकामीच येते. म्हणजे "नाही" आणि "तुला सांगणार नाही" या दोन्हींचं उत्तर दिसायला एकसारखं. इथे आधी टोकन तपासा, मगच उत्तरावर विश्वास ठेवा. नाहीतर जुन्या फॉलोअरला तुमचा एजंट चारचौघांत "तुम्ही फॉलो करत नाही" असं सुनावेल.

वीसच फॉलोअर कसे?

काहीच सांगितलं नाही तर एका पानात 20 नावं येतात, सांगितलं तर जास्तीत जास्त 100. पाच हजार फॉलोअर असतील तर 250 फेऱ्यांऐवजी 50 फेऱ्यांत काम होतं. पुढच्या पानासाठी कर्सर (कुठून पुढे वाचायचं त्याची खूण) मिळतो. तो एजंटला वाहायला लावू नका; लांबलचक निरर्थक अक्षरं मॉडेलने हुबेहूब उतरवावीत ही अपेक्षाच चुकीची. पानं उलटायचं काम टूलने करावं.

पण म्हणून पाच हजार नावं एजंटपुढे ओतायचीही गरज नाही. यादी नव्याकडून जुन्याकडे येते, त्यामुळे "या आठवड्यातले नवे" हवे असतील तर तारीख मागे पडली की थांबा. फक्त संख्या हवी असेल तर टोटल पुरे. पानं उलटताना लोक येत-जात असतात. मोजणी टोटलपेक्षा दोन-तीनने इकडेतिकडे झाली तर घाबरू नका, आयडीवरून दुहेरी नावं तेवढी काढून टाका.

तारखेचाही घोळ होतो. वेळ यूटीसीमध्ये (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) येते, म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत केलेला फॉलो आदल्या दिवसात मोजला जातो. मध्यरात्र उलटून चालणाऱ्या स्ट्रीमचा हिशोब यातच बिघडतो. साडेपाच तास टूलमध्येच मिळवा.

चुकीच्या टूलला हाक

यूट्यूबवर सबस्क्राइब करणं फुकट असतं, ट्विचवर सबस्क्राइबर म्हणजे पैसे मोजणारा. आपल्याकडचे लोक सवयीने फॉलोअरलाही सबस्क्राइबर म्हणतात आणि एजंट इमानदारीत सबस्क्रिप्शनचं टूल उघडतो. त्यात चॅटमध्ये आत्ता बसलेल्यांची यादी वेगळी, तिची परवानगीही वेगळी. टूलच्या वर्णनात हे तीन प्रकार स्पष्ट लिहा, आणि टूलला चॅनेलचं नाव नव्हे तर आकडी आयडी लागतो हेही. नावावरून आयडी काढायचं पाऊल टूलने स्वतःच उचललं तर उत्तम, नाहीतर एजंट आयडी अंदाजाने भरतो.

टूलचा कोड एआयकडूनच लिहून घेतला असेल तर पत्ता एकदा डोळ्यांखालून घाला. फॉलोअर देणारा जुना पत्ता, 'यूजर्स'खालचा 'फॉलोज', ट्विचने ऑगस्ट 2023 मध्ये बंद केला. जुन्या नमुन्यांवर शिकलेली मॉडेल अजूनही तो लिहून देतात. नवा पत्ता 'चॅनल्स'खाली 'फॉलोअर्स'. शेजारचा 'फॉलोड' उलट्या दिशेचा: तुम्ही कोणाला फॉलो करता ते सांगणारा.

सगळं जोडून झालं की एक चाचणी करा. एकच प्रश्न दोन टोकनांनी विचारा: एकदा मालकाच्या आणि एकदा चॅनेलशी संबंध नसलेल्या वापरकर्त्याच्या. दुसऱ्या वेळीही एजंटने नावं सांगितली, तर ती त्याने मनानेच रचलेली आहेत.