बोटीचा रडार सारखा बंद पडायचा, शेवटी दोष वायरचा निघाला

आम्ही राहतो कोथरूडला, पण मामेभावाची बोट हर्णैला असते, तिच्यावर मागच्या दिवाळीत रडार बसवला. दादाला ३६ मैल पल्ल्याचाच हवा होता, मी म्हटलं अरे अँटेना जेमतेम ४ मीटर उंच, पृथ्वीची गोलाई आड येते, पाण्यालगतची होडी साडेचार नॉटिकल मैलांपलीकडे दिसणारच नाही (उंच जहाज, डोंगर दिसतात म्हणा), उगाच पैसे कशाला? मग लहानच घेतला.

तर तो स्टँडबायला (नुसता चालू, लहरी न सोडता) ठीक चालायचा आणि ट्रान्समिट (लहरी सोडायचं बटण) दाबलं की स्क्रीन काळी! दुकानदार म्हणे युनिट परत पाठवा. मी मल्टीमीटर लावला, बॅटरीवर १२.४ आणि वर रडारपाशी १०.६ व्होल्ट. बसवणाऱ्याने १२ मीटर लांब १ स्क्वेअरची (म्हणजे १ चौ. मिमी जाडीची) वायर टाकलेली, त्यात मध्ये एक जोड, तो टेप काढला तर आत हिरवा पडलेला, खाऱ्या हवेने. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ४ स्क्वेअरची कॉपर वायर आणली, मध्ये जोड न देता थेट फ्यूजमधून बॅटरीला जोडली. आता वर १२.१ मिळतात.

नंतर समोरचा बॉय (पाण्यावर तरंगणारी खूण) स्क्रीनवर थोडा उजवीकडे दिसत होता, तो सेटिंगमध्ये हेडिंग अलाइनमेंट (रडारची दिशा बोटीच्या नाकाशी जुळवणं) करून दोन मिनिटांत सरळ झाला.