मिलानचे ला स्काला नाट्यगृह : इमारतीतून इतिहास कसा वाचावा

ला स्काला या इटलीतील ऑपेराच्या, म्हणजे गाण्यांतून रंगणाऱ्या नाटकांच्या, नाट्यगृहाचा दर्शनी भाग पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा थोडी निराशाच करतो. वास्तुविशारद ज्युसेप्पे पिएरमारिनी याने 1778 मध्ये ही वास्तू उभारली तेव्हा समोर आजचा चौक नव्हता, अरुंद रस्ता होता, आणि घरे पाडून ही जागा मोकळी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. म्हणून प्रथम भिंतीजवळ जाऊन, घोडागाड्यांतून उतरणाऱ्यांसाठी पुढे काढलेल्या कमानींखाली उभे राहावे. तिचा मूळ डौल तिथूनच नीट कळतो.

त्यानंतर शेजारच्या संग्रहालयाचे तिकीट काढावे. प्रेक्षागृहात तालीम चालू नसेल तर याच तिकिटावर एखाद्या बॉक्समधून, म्हणजे भिंतीलगतच्या सज्जातील छोट्या खासगी कक्षातून, आत डोकावता येते. त्यामुळे त्या दिवशी बॉक्स खुले आहेत का, याची आधी चौकशी करावी. संग्रहालयातील वाद्ये आणि तैलचित्रे घाईने पाहिली तरी चालतील, बॉक्समध्ये मात्र सवडीने थांबावे.

या नाट्यगृहाचे अर्थकारण त्या बॉक्समध्येच दडलेले आहे. 1776 च्या फेब्रुवारीत शहराचे जुने दरबारी नाट्यगृह जळाले, तेव्हा मिलान ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा हिच्या अमलाखाली होते. तिच्या संमतीने सांता मारिया आल्ला स्काला हे चर्च पाडून त्या जागी नवे नाट्यगृह बांधण्यात आले आणि खर्चाचा भार जुन्या बॉक्सधारक घराण्यांनी उचलला. साहजिकच बॉक्स ही त्यांची मालमत्ता झाली. प्रत्येकाने आपला बॉक्स आतून आपल्या आवडीने सजवला. तेथे खाणेपिणे, पत्ते आणि भेटीगाठी चालत, दिवे तेवत राहत आणि एखादा आवडता गायक आला की तेवढ्यापुरते लक्ष रंगमंचाकडे जाई. आता मान वर करून सर्वांत वरच्या गॅलऱ्या पाहाव्यात. स्वस्त तिकिटाच्या या जागांवरील रसिक कडक कानांचे म्हणून प्रसिद्ध आहेत. 2006 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हुर्यो उडवल्यावर रोबेर्तो आलान्या हा गायक ‘आयदा’ या ऑपेराचा प्रयोग अर्ध्यावर सोडून निघून गेला.

प्रेक्षकांना शिस्त लावली ती वाद्यवृंद संचालक आर्तुरो तोस्कानिनी याने. 1898 मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर त्याने प्रेक्षागृहात अंधार करायला आणि स्त्रियांना टोप्या काढायला लावले. 1903 मध्ये लोक ‘वन्स मोअर’साठी अडून बसले, तेव्हा तो स्वतःच नाट्यगृह सोडून गेला. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी रसिकाला हा हट्ट अंमळ जाचक वाटेल, पण कथानकाचा ओघ तुटू नये ही त्याची भूमिका पटण्यासारखी आहे.

आत दिसणारे सोनेरी नक्षीकाम मात्र सरसकट अठराव्या शतकातले समजू नये. 1943 च्या ऑगस्टमधील बॉम्बवर्षावात छत कोसळले होते. पुनर्बांधणी होऊन 11 मे 1946 रोजी वृद्ध तोस्कानिनीच्याच संचालनाखाली नाट्यगृह पुन्हा उघडले. अखेरीस बाहेर येऊन चौकातील लिओनार्दोच्या पुतळ्यापासून छपराकडे पाहावे. मागे उठून दिसणारा चौकोनी मनोरा आणि त्याच्या शेजारचा लंबवर्तुळाकार भाग वास्तुविशारद मारिओ बोत्ता याने 2002 ते 2004 च्या नूतनीकरणात उभारला. त्यावर टीका पुष्कळ झाली, परंतु अवजड नेपथ्य वर ओढून घेण्याची सोय त्या मनोऱ्यात आहे, आणि 2004 च्या डिसेंबरच्या 7 तारखेला नाट्यगृह पुन्हा उघडले ते 1778 च्या पहिल्या प्रयोगात सादर झालेल्या, संगीतकार सालिएरीच्याच ऑपेराने.